धुरपाक्काची पहार

ही गोष्ट विजेच्या तारा येण्याच्या आधीची. काळखडीत तेव्हा विजेचा खांब नव्हता. वीज म्हणजे आभाळातली, एवढंच माणसाला ठाऊक. ती यायची, झाड चिरायची, निघून जायची. तिला घरात कुणी बोलवत नसे.

नीट बसा. मधे विचारू नका. मला ठाऊक आहे तेवढं मी सांगणार. ठाऊक नाही ते सांगणार नाही. आणि या गोष्टीत ठाऊक नसलेलं बरंच आहे, तेव्हा शेवटी माझ्याकडे बघत बसू नका.

काळखडी हे पाथरवटांचं गाव. जाती, पाटे, वरवंटे, उखळं. डोंगराचा काळा दगड फोडायचा आणि त्याचं बायकांच्या कामाचं काहीतरी करायचं. छिन्नीवर हातोडा पडला की दगडाची कपची उडते. कधी छिन्नीचंच तोंड फुटतं आणि लोखंडाचा टवका उडतो. उडाला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून काळखडीत दोन डोळ्यांचा म्हातारा शोधावा लागे. दुसऱ्या गावात सोयरीक करताना विचारत, शेत किती? काळखडीत विचारत, डोळे किती?

या गावात धुरपाक्का होती. म्हसू पाथरवटाची बायको. उंच, काळी, हाडापेराने मजबूत, बोलायला मोजकी. तिच्या हाताला एक गुण होता. डोळ्यात गेलेलं ती काढायची. घोड्याच्या शेपटीचा केस घ्यायची, त्याचा फास करायची, पापणी उलटी करून त्या फासात कण धरायची. तेवढ्याने नाही निघालं तर जिभेचं टोक फिरवायची. निघालं तर निघालं. नाही निघालं तर माणूस डोळ्याला मुकायचा.

तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा एक डोळा तिच्या लग्नाआधीच गेला होता. म्हसूला त्याचं काही वाटत नसे. तो थट्टेखोर होता. म्हणायचा, “एक डोळा दगडाला दिला. एक बायकूला बघाया ठेवलाय.” धुरपाक्का हसत नसे. पण पदर सारखा करायची, असं म्हणतात.

त्यांच्या घरी दोन बैल होते. हौशा आणि नवशा. हौशा तेल्याच्या घाण्यावरून विकत आणलेला. आयुष्यभर गोल फिरलेलं जनावर. माळावर बांधला की तो लाकडी खुंटा उपटायचा. मग म्हसूने बापाच्या वेळची एक जुनी पहार माळावर ठोकली. मनगटाएवढी जाड, खाणीत झिजून बोथट झालेली. तिच्या डोक्याला कडी. त्या कडीला साखळी आणि साखळीला हौशा. साखळी पहारीवर खणखणली की हौशा बुजायचा. म्हणून म्हसूने जुन्या मोटेचं कातडं पहारीला वरपासून खालपर्यंत गुंडाळलं आणि सुतळीने आवळलं. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची कातडी पिशवी, तुम्ही पाहिली नसेल. हे कातडं लक्षात ठेवा. धुरपाक्काच्या ते लक्षात यायला फार उशीर झाला.

हस्त नक्षत्राचा पाऊस होता. आमच्याकडे त्याला हत्ती म्हणतात. दुपार ढळली आणि आभाळ काळखडीच्या दगडासारखं झालं. धुरपाक्काने रीतीप्रमाणे कोयता अंगणात फेकला. लोखंड बाहेर टाकलं की वीज घरावर येत नाही, असं तेव्हा मानत. अजूनही मानतात. मग ती दाराशी उभी राहिली आणि तिला माळावरचा हौशा दिसला.

हौशा भ्याला होता. आणि भ्यालेलं जनावर शिकलेलं तेच करतं. तो गोल फिरायला लागला. घाण्याला फिरायचा तसा, मान खाली घालून. साखळी पहारीला वेढे घालत गेली, चरख्याच्या चातीवर सूत बसावं तशी. साखळी आखूड होत गेली, हौशा जवळ येत गेला. शेवटी त्याचा गाल पहारीला टेकला. तेव्हा तो थांबला.

मग उजेड झाला. आवाज नंतर आला.

धुरपाक्का धावली तेव्हा हौशा पाय दुमडून बसल्यासारखा पडला होता. डोळे उघडे. पहारीवरचं कातडं धुमसत होतं.

म्हसूने साखळी सोडवून गोठ्यात टाकली आणि पहार उपटून घरी आणली. माळावर ती बघवत नव्हती. दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी धुरपाक्का तिथे गोधडी शिवायला बसली. दोरा ओवायला सुई उचलली, आणि सुई बोटांतून सुटली. खाली नाही पडली. आडवी गेली आणि कातड्याच्या खाली पहारीचं उघडं टोक होतं, तिथे जाऊन चिकटली.

तिने ओढून काढली. परत चिकटली. परत काढली. तिने सुईकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. मग नवऱ्याला हाक मारली.

“अवं, हिकडं या. काय तरी झालंय.”

म्हसू आला. त्याने कोयता लावून पाहिला. चिकटला. छिन्नी लावली. चिकटली. पितळेचा तांब्या लावला, तो काही चिकटला नाही. दगडाची कपची लावली, तीही नाही. म्हसूने डोकं खाजवलं.

“लोखंडाला लोखंडाची माया लागलीया.”

“काल नव्हती?”

“काल हौशा होता.”

तो थट्टेने बोलला. पण गावात थट्टा थट्टेच्या जागी राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की हौशाचा जीव पहारीत गेलाय आणि तो सोबत शोधतोय. धुरपाक्काला ते खरं वाटेना. हौशा असता तर त्याने कडबा ओढला असता. सुया कशाला ओढेल? पण दुसरं काही सांगताही येईना. वीज म्हणजे जाळणारी गोष्ट. जाळणाऱ्या गोष्टीने ओढ कशी ठेवली? ती मागे काय ठेवून गेली आणि का? धुरपाक्काने पुष्कळ विचार केला. मग चूल पेटवली.

त्याच आठवड्यात गेनू पाथरवट डोळा धरून आला. बुबुळावर टवका रुतलेला. केसाच्या फासात येईना. धुरपाक्का म्हणाली, डोकं हलवू नकोस, कशाला तरी टेक. गेनूने जवळ होती ती पहार आडवी ओढून घेतली आणि तोंड तिच्या टोकाला टेकवलं. तिने पापणी उलटी केली, आणि टवका आपला आपण निघाला. टिच असा बारीक आवाज झाला. पहारीच्या टोकावर तिळाएवढं लोखंड.

गेनू ओरडला, “आक्का, निगालं!”

“मी काडलं न्हाई,” ती म्हणाली.

तिथून हे सुरू झालं. आसपासच्या खाणींतली माणसं यायला लागली. डोळ्याला फडकी बांधलेली माणसं, गाडीत आडवी पडलेली माणसं. धुरपाक्का पापणी धरायची आणि पहारीचं टोक जवळ न्यायची. कुणाचं निघायचं. कुणाचं नाही निघायचं.

इथे पहिला घोळ. कुणाचं का निघतं आणि कुणाचं का नाही? भैरोबाचा गुरव होता, तात्या. त्याने सांगितलं, पुण्यवानाचं निघतं, पाप्याचं राहतं. लोकांना पटलं. धुरपाक्काला पटेना. ज्याने भावाला देशोधडीला लावलं त्याच्या डोळ्यातलं टिचकन निघालं. आणि जो मुंगी बघून पाय टाकायचा त्याला आंधळा होऊन परत जावं लागलं. तिने हे तात्याला बोलून दाखवलं.

तात्या म्हणाला, “मागच्या जन्मीचं असंल.”

“मागचा जन्म तुमी बगितलाय व्हय, तात्या?”

तात्या अंगारा वाटायला लागला. गावात मात्र पाप-पुण्यच चालू राहिलं. ज्यांचं निघालं नाही ते मान खाली घालून जात. त्यांच्या बायका वाटेत रडत. पुढे धुरपाक्काच्या ध्यानात आलं की छिन्नीचा टवका निघतो, दगडाची कपची निघत नाही. तिने ते सांगितलं. कुणी ऐकलं नाही. लोकांना पाप आवडतं.

वर्ष फिरत आलं. पुन्हा हस्त जवळ आला. तेव्हा गावाने ठरवलं की या पहारीचा मान करायचा. तात्या धुरपाक्काच्या दारात आला आणि म्हणाला, “आक्का, देव काय कुणी चपलांशेजारी हुबा करतं?”

हे तिला लागलं. ती मानी बाई होती. पहार दाराशी भिंतीला टेकलेली होती आणि खाली खरंच चपला होत्या.

“मग काय करायचं म्हणता?”

“तिरशूळ करू. भैरोबाम्होरं हुबा करू. तुजं नाव ऱ्हाईल.”

ती हो म्हणाली. यात तिची चूक काढू नका. तुम्हीही हो म्हणाला असता. आपल्याकडे ज्याचा उपयोग होतो त्याला आपण शेंदूर फासतो. मग त्याचा उपयोग राहत नाही.

नागू लोहाराने उपास धरला, अंघोळ केली, भाता ओढला. कातडं काढून फेकलं. पहार लालभडक केली, घणाने ठोकली, टोक चिरून त्याची तीन पाती केली. कडी तेवढी बुडाशी राहिली. जीव ओतून केलं त्याने. त्रिशूळ असा झाला की बघत राहावं. वाजतगाजत देवळात नेला, हार घातला, नारळ फोडला. सुई मात्र कुणी लावून पाहिली नाही. देवाला कोण तपासतं?

तिसऱ्याच दिवशी म्हसूच्या छिन्नीचं तोंड फुटलं.

तो चालत घरी आला. हात पुढे करून, पायाने वाट चाचपत. उरलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. धुरपाक्काने पापणी उलटी केली. टवका बुबुळात रुतून बसला होता. केसाने हलेना. जिभेला लागेना.

“गेला का?” म्हसूने विचारलं.

“न्हाई गेला. चला देवळात.”

वाटेत तो थट्टा करत होता. “माज्याच बैलाचा तिरशूळ आन मीच रांगंत.” तिने त्याचा हात घट्ट धरला.

तात्याने घंटा वाजवली. धुरपाक्काने पापणी धरली आणि म्हसूचं तोंड त्रिशूळाच्या पात्याला टेकवलं. काही नाही. दुसरं पातं. काही नाही. खालचं टोक लावून पाहिलं. काहीच नाही. देवळात माणसं जमली. तात्याने हळूच सांगितलं, “म्हसू, कायबी पाप असंल तर बोलून टाक. देव माफ करतो.”

म्हसू म्हणाला, “पाप कराया येळ कुटला, तात्या? सकाळी दगड, सांजच्याला दगड. एक कपची तुज्या देवळाच्या पायरीची घरी न्हेली हुती, तेवडी धर.”

लोक हसले. धुरपाक्का हसली नाही. तिने पोलक्याला टोचलेली सुई काढली आणि त्रिशूळाला लावली. बोटं सोडली. सुई खाली पडली. दगडी फरशीवर तिचा आवाज झाला.

तिने पुन्हा लावली. पुन्हा पडली.

“देव ह्यात न्हाई,” ती म्हणाली.

ती नागूकडे गेली. नागू भात्याशी बसला होता.

“नागूदा, काय केलंस पहारीचं?”

“तापवली, ठोकली. लोखंडाचं दुसरं काय करत्यात, आक्का?”

“आत काय तरी हुतं. ते कुटं गेलं?”

नागूने हात पुढे केले. तळवे काळे, भाजलेले. “मी कायबी काडून घेतलं न्हाई. भैरोबाची आण.”

तिला ते खरं वाटलं. नागूने काही काढलं नव्हतं. तरी ते गेलं होतं. न दिसता आलं, न दिसता गेलं. आता कुणाला धरायचं?

ती परत देवळात गेली आणि दोन्ही हातांनी त्रिशूळ उपटला. तात्या आडवा आला.

“देवाचा तिरशूळ उपटतीस? गावाचं वाटुळं हुईल!”

“माज्या घराचं चाललंय ते आधी बगू. सरका, तात्या.”

तो सरकला. तिच्या तोंडाकडे बघून कुणीही सरकलं असतं.

तिने साधा हिशेब केला. विजेने दिलं होतं, वीज परत देईल. हस्त लागला होता, ढग रोज भरून येत होते. तिने माळावर जुनी जागा शोधली. हौशाच्या खुरांची रिंगणं पुसून गेली होती, पण पहारीचं भोक तसंच होतं. तिने त्रिशूळाची पाती त्या भोकात खुपसली, कडी वर ठेवली, आणि दाराशी बसून राहिली. आत म्हसू डोळ्यावर दुधाची ओली पट्टी ठेवून पडला होता. डोळा सुजत चालला होता. त्याची थट्टा कमी झाली होती. त्यावरून तिला डोळ्याची अवस्था कळत होती.

पहिल्या दिवशी ढग आले आणि डोंगरापलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, वीज नाही. मग एके दुपारी वीज आली. माळावर आली, नेमकी त्रिशूळावर आली. सगळ्या गावाने पाहिली. धुरपाक्का चिखलातून धावली. लोखंड अजून कोमट होतं. तिने सुई लावली.

सुई पडली.

असं म्हणतात की तेव्हा ती चिखलात बसली आणि तिने आभाळाला विचारलं, “आता काय ऱ्हायलं?” तोच माळ. तेच भोक. तेच लोखंड. तीच वीज. वीज आली आणि गेली आणि लोखंड नुसतं लोखंड राहिलं. तिला काही उमजेना. देवाचा राग म्हणावं तर राग कशाचा? दया म्हणावं तर मग वीज पडलीच कशाला?

तात्या घरी आला. या वेळी आवाज मऊ होता. म्हणाला, “आक्का, बैल गेला हुता तवा आलं. बैल द्यावा लागंल. नवशाला बांध.”

आतून म्हसू बोलला. “न्हाई.”

“अवं, डोळा हाय तुमचा,” धुरपाक्का म्हणाली.

“माजा हाय. नवशाचा न्हाई. मी चाचपून जातं टाकीन. माज्या हातांस्नी डोळं हायती. पर त्या जनावराला माळावर बांधलंस तर, धुरपे, माजा डोळा बरा झाला तरी मी तुज्याकडं बगणार न्हाई.”

तात्या उठून गेला. धुरपाक्का तशीच बसली. उंबऱ्याशी डोकं टेकून तिने ती जुनी दुपार पुन्हा डोळ्यांपुढे आणली. हौशा फिरतोय. साखळी बसतेय. गाल टेकतोय. उजेड. ती पुन्हा सुरुवातीला गेली. हौशा फिरतोय.

मग ती उठली.

तिला कळलं असं नाही. तिला काहीच कळलं नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. तिने एवढंच ठरवलं की होतं तसं सगळं करायचं. यातलं काय लागतं आणि काय लागत नाही हे जर ठाऊक नाही, तर काहीच वगळायचं नाही. सुगरणीने नव्या घरात पहिला स्वयंपाक करावा, तसं.

तिने घरातल्या माळ्यावरून मोटेचं उरलेलं कातडं काढलं आणि लोखंडाला वरपासून खालपर्यंत गुंडाळलं. सुतळीने आवळलं. गोठ्यातून हौशाची साखळी आणली. कडीत अडकवली. मग दुसरं टोक हातात घेऊन उभी राहिली. या टोकाला बैल होता. आता कोण?

पश्चिमेकडून ढग चढत होते. गुरं हंबरत होती. लोक देवळाच्या ओसरीत गोळा झाले होते आणि तिच्याकडे बघत होते. कुणीतरी ओरडलं, “आक्का, घरी जा!”

ती फिरायला लागली.

एक पाऊल टाकून थांबली. कुठल्या बाजूने? डावीकडून की उजवीकडून? तिला आठवेना. मग तिला घाणा आठवला. तेल्याच्या घाण्याला बैल एकाच बाजूने फिरतो. तिने मनात हौशा उभा केला, त्याच्या मागे मागे चालायला लागली. मान खाली. साखळी कातड्यावर चढत गेली, वेढ्याला वेढा लागून. उलट्या बाजूने फिरली असती तर काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. विचारू नका म्हणून सांगितलं होतं.

साखळी आखूड होत गेली. ती जवळ येत गेली. अंगावरचे केस उभे राहिले, हातातली बांगडी गुणगुणायला लागली. काळखडीत सांगतात की शेवटी तिने गाल लोखंडाला टेकवला, हौशाने टेकवला होता तसा. आणि त्या क्षणी गोठ्यात नवशाने दावं तोडलं. तो माळावर धावत आला आणि असा हंबरला की तिने दचकून मागे पाहिलं. हातातलं टोक सुटलं. ती बैलाला वळवायला धावली. का? तर माळावर वीज होती आणि ते जनावर तिच्या नवऱ्याने वाचवलं होतं.

तेवढ्यात वीज आली.

सरळ नाही आली. ओसरीतल्या सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या नातवंडांनी मला सांगितलं. कडीपर्यंत सरळ आली. तिथून साखळीच्या वेढ्यावेढ्याने गोल फिरत खाली उतरली, म्हातारी बाई देवळाला प्रदक्षिणा घालते तशी. निवांत. डोळ्यांचं पातं लवायच्या आत, पण निवांत. असं कसं, ते कुणाला सांगता आलं नाही. ज्याने पाहिलं त्याने असंच सांगितलं.

धुरपाक्का आणि नवशा दोघं आडवे पडले. नवशा आधी उठला. त्याने तिला नाकाने ढोसलं. मग ती उठली. तिला काही ऐकू येत नव्हतं. डोक्यावरचा पदर पडला होता आणि तिचे सगळे केस पांढरे झाले होते, रिठ्याने धुतलेल्या सुतासारखे. तिला ते ठाऊक नव्हतं. साखळीच्या कड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, तिने दगडाने फोडून त्या उतरवल्या. सुई शोधली. सुई पोलक्यालाच होती. तिने सुई जवळ नेली.

अजून लांब होती, तेवढ्यात सुई गेली. आडवी. टिचकन चिकटली.

ती रडली नाही. त्रिशूळ उपटला आणि कुठेही न ठेवता, जमिनीला न टेकवता घरी घेऊन गेली.

म्हसू अंधारात बसला होता. तिने दार उघडं टाकलं, पट्टी काढली, पापणी उलटी केली. तो काहीतरी बोलत होता, तिला ऐकू आलं नाही. तिने लोखंडाचं टोक जवळ नेलं. टवका आधी हलला. मग थोडा वर आला. मग थांबला. तिने टोक आणखी जवळ नेलं. टवका पुन्हा हलला आणि निघाला.

म्हसूने डोळा मिटला, उघडला. पुष्कळ पाणी आलं. ते त्याने बाहीने पुसलं आणि समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ही म्हातारी कोण?” तो म्हणाला.

तिला ऐकू आलं नाही, पण त्याच्या तोंडावरून थट्टा कळली. ती म्हणाली, “बायकूच हाय तुमची. ठेवलाय ना डोळा बगाया? मग बगा.”

आणि त्या दिवशी ती हसली, असं म्हणतात.

तिचा एक कान नंतर उघडला. दुसरा कायमचा गेला. केस पांढरेच राहिले. ती त्यानंतरही खूप वर्षं जगली आणि डोळ्यांतलं काढत राहिली. लोक विचारत, आक्का, काय आहे यात? ती म्हणे, “ठाव न्हाई.” लोक म्हणत, बैलाचा जीव आहे ना? ती म्हणे, “बैल माज्या गोठ्यात हाय, कडबा खातुया.” वीज आणि ही ओढ यांचं आपसात काय नातं आहे, ते तिने जन्मभर मनात घोळवलं. पण ती सोयरीक तिला उलगडली नाही. तिने एवढंच सांगून ठेवलं की याला आगीत घालू नका, घणाखाली घेऊ नका, आणि पुन्हा कधी निजलं तर वेढे घातल्याशिवाय उठणार नाही.

तात्या गुरवाने त्रिशूळ परत मागितला नाही. मागायचं धाडस झालं नाही, असं म्हणतात.

आजही तो काळखडीत आहे. देवळात नाही. माळावर, त्याच भोकात, कडी वर करून. नागू लोहाराच्या घरातला माणूस तिकडून जाताना हात मागे बांधतो. खाणीत नवा माणूस कामाला लागला की आधी त्याची छिन्नी त्या लोखंडाला लावतात आणि मगच दगडावर ठेवतात. पोळ्याला सगळ्या गावचे बैल तिथे आणतात, पण बांधत नाहीत. साखळी गावातली सगळ्यात थोरली बाई हातात घेते आणि घाण्याच्या बाजूने फिरते. वेढे बसत जातात. शेवटी ती गाल टेकवते आणि लगेच टोक सोडून बैलांकडे पळते. म्हातारी पळते म्हणून पोरं हसतात. हसू देतात. म्हसू हसला असता.

आता गावात खांब आले, तारा आल्या, विहिरीवर मोटारी बसल्या. उन्हाळ्यात मोटारी जळतात. त्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडमागे एका माणसाकडे नेतात. तो काळखडीचाच, गेनूच्या वंशातला. जळलेली तांब्याची तार काढून टाकतो आणि नवी भरतो, वेढ्याला वेढा लावून. पहिला वेढा घालायच्या आधी तो हात जोडतो आणि म्हणतो, “धुरपाक्का.”

मी त्याला विचारलं होतं, हे कशाला?

तो म्हणाला, “तार गुंडाळून वीज सोडल्याशिवाय लोखंड जागं होत नाही, हे मला कामावर शिकवलं. कुणामुळे, ते गावाने.”

मग त्याने बटण दाबलं. मोटार फिरायला लागली. घाण्याच्या बाजूने.